प्रोटीन वाढता कामा नये

हेडमास्तर म्हणाले, "सर, तुम्ही यातून गेलात. लिहून काढा. चार लोकांना धीर येईल." मी मान हलवली, कारण हेडमास्तरांपुढे मान हलवायची मला सवय आहे. पण यातून मी गेलो की अजून मध्येच आहे, ते ठरायचं आहे. आणि धीर द्यावा असं माझ्याकडे फार काही नाही. माझ्याकडे राग आहे. निम्मा आजारावर, निम्मा माझ्यावर माया करणाऱ्या माणसांवर. हा दुसरा निम्मा जास्त जाळतो.

मी सोलापुरात एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आमचं गाव करकंब. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. थोरला भाऊ, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, चौथीतून शाळा सोडून सोलापूरला मिलमध्ये मागावर लागला आणि त्याच्या जिवावर मी बी.एस्सी., बी.एड. झालो. वहिनी लवकर गेली. अण्णानं पुन्हा लग्न केलं नाही. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत अण्णा, मी आणि माझी बायको शालन असे राहतो. अण्णाचे उपकार मी विसरलेलो नाही. पण ज्याचे उपकार असतात त्याच्यावर तोंडावर रागावता येत नाही, आणि तो राग मग अंगात कुठेतरी मुरत राहतो. हे मला आजारपणानं शिकवलं.

माळ

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझ्या अंगाला खाज सुटली. तळपायापासून डोक्यापर्यंत. वर्गात फळ्यावर लिहिताना डाव्या हातानं मी पाठ खाजवायचो आणि पोरं हसायची. मग डोळे पिवळे झाले. पँट कमरेवरून घसरायला लागली. दुखत मात्र काहीच नव्हतं.

"कावीळच ही," अण्णा म्हणाला. "माळ घालू."

आमच्याकडे कावीळ उतरवणारी माणसं मुळ्यांच्या तुकड्यांची एक आखूड माळ डोक्यावर ठेवतात. कावीळ उतरेल तशी माळ लांबत लांबत गळ्यात, मग छातीवर येते, असं मानतात. ओल्या मुळ्या वाळल्या की आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ लांबते. हे मला कळत होतं. सातवीतल्या हुशार पोरालाही कळलं असतं. तरी मी डोकं पुढे केलं, कारण अण्णा पहिली पाळी बुडवून मला घेऊन गेला होता.

रोज सकाळी अण्णा माळ बघायचा. "मानंपातूर आली. आज बघ, छातीवर आली की, मास्तर! उतरली म्हन."

माळ लांबत होती आणि मी जास्त पिवळा होत होतो. तीन आठवडे असे गेले. त्या तीन आठवड्यांसाठी मी अण्णाला माफ केलं आहे. स्वतःला नाही. ज्याला कावीळ आहे, खाज आहे, दुखत काही नाही आणि वजन उतरतंय, त्यानं माळ घालायचीच असेल तर दवाखान्याच्या रांगेत उभं राहून घालावी.

कुजबूज

मोठ्या दवाखान्यात पांढरं पाणी पाजून फोटो काढले. सर्जन म्हणाले, पित्ताची वाट बंद झाली आहे, पोट उघडून बघावं लागेल. उघडलं. शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी, पोटात दोन नळ्या, आणि घशात अशी कोरड की जीभ टाळ्याला चिकटलेली.

निदानाचा दिवस म्हणून मला कोणी विचारलं तर ऑपरेशननंतरचा पाचवा दिवस सांगेन. सर्जननी अण्णाला वॉर्डाबाहेर बोलावलं. बावीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे अण्णाला कमी ऐकू येतं आणि जगालाही कमीच ऐकू येतं असा त्याचा समज आहे. त्याची कुजबूज वीस खाटांच्या वॉर्डात शेवटपर्यंत पोचली.

"क्यान्सर? डाक्टर, त्येला सांगू नका! लई हळवा हाय त्यो!"

शेजारच्या खाटेवर मोडनिंबचा एक म्हातारा हर्नियासाठी आला होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मास्तर, झोपलाय न्हवं?"

मी डोळे मिटले. झोपलोय, असं दाखवणं एवढंच मला त्या वेळी करता आलं.

अण्णा तोंड धुऊन आत आला. "साधी गाठ हुती. काढली. आता काय न्हाय."

"बरं," मी म्हणालो.

त्या एका शब्दाची लाज मला अजून वाटते. पुढचे चार महिने त्या शब्दावर उभे राहिले. मला माहीत आहे हे अण्णाला माहीत नव्हतं, आणि आता सांगितलं तर त्याचा एवढा खटाटोप फुकट जाईल, म्हणून मी सांगितलं नाही. याला लोक प्रेम म्हणतात.

सकाळी सर्जन विद्यार्थ्यांना घेऊन यायचे. माझं पोट म्हणजे त्यांचा फळा. बोट पोटाकडे, चेहरा पोरांकडे. गाठ कुठल्या भागात होती, किती कापलं, सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी येतं हे कोणाच्या मनातही आलं नाही. एकानं विचारलं, असा पेशंट किती काढतो? सर्जन म्हणाले, बघू. मी छताकडे बघत होतो. छतावर कबुतरांची घाण होती, ती मला अजून जशीच्या तशी आठवते.

त्या दिवसांत माझ्याविषयी न बोलता माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, वॉर्डातली आया हुसेनाबी. "उठो मास्तर, मुँह धो लेव. रोते बैठे तो पट्टी भीगती, फिर सिस्टर मेरे कू चिल्लाती." ती ओलं फडकं माझ्या ओठांवर ठेवायची आणि बाकीच्या खाटांना शिव्या देत पुढे जायची. तिनं मला धीर वगैरे दिला नाही. फडकं दिलं. तेवढं पुरलं.

भेटायला येणाऱ्यांबद्दल न लिहिलेलं बरं. मोसंबी आणायची आणि आपल्या ओळखीतला कोण कसा गेला ते सांगायचं. एकजण तर निघताना म्हणाला, "तब्येत छान दिसते." तेव्हा माझं वजन सोळाशे मीटर पळणाऱ्या आमच्या नववीतल्या पोराएवढं होतं.

थर्मास

घरी आल्यावर सहा आठवड्यांनी माझं रक्त काढलं. तपासणी मुंबईतच होणार होती. बर्फ घातलेल्या थर्मासात ती नळी ठेवून अण्णाकडे दिली आणि अण्णा सकाळच्या गाडीनं निघाला. मांडीवर थर्मास, दोन्ही हात त्यावर.

समोरच्या माणसानं विचारलं, "पाव्हणं, च्या हाय का त्यात?"

"रगत हाय," अण्णा म्हणाला. त्याच्या आवाजात.

दौंडपर्यंत आख्खा बाक त्याला एकट्याला मिळाला. हे त्यानं घरी येऊन तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा आम्ही पोट धरून हसलो. मला टाके दुखेपर्यंत हसू आलं. "पण रक्त कशासाठी?" मी विचारलं. "साखर-बिखर तपासाय," तो म्हणाला आणि थर्मास विसळायला उठला.

खरं काय होतं ते मला दोन महिन्यांनी कळलं, पण इथेच सांगतो. सर्जननी अण्णाला समजावलं होतं: या गाठीतून रक्तात एक प्रोटीन येतं. गाठ काढली की ते उतरतं. पुन्हा चढायला लागलं तर गाठ पुन्हा धरते आहे, अशी शंका घ्यायची. ते वाढता कामा नये.

अण्णाला त्यातले दोनच तुकडे ऐकू आले. प्रोटीन. वाढता कामा नये.

त्यानं घरी येऊन शालनला विचारलं, "प्रोटीन कशात आसतं गं?" शालन सातवी पास आहे. तिनं माझ्याच टेबलावरचं माझंच पुस्तक उघडलं. तिथं मीच लाल पेन्सिलीनं रेघ मारलेली होती, परीक्षेला हमखास येतं म्हणून: प्रथिने, म्हणजेच प्रोटीन. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मांस, शेंगदाणे.

दुसऱ्या दिवसापासून हे सगळं आमच्या घरातून गेलं.

दुधी

शेंगाची चटणी नाही आणि भाजीत दाण्याचं कूट नाही, अशा घरात सोलापूरच्या माणसानं जेवून दाखवावं. भाकरी आणि दुधी. भात आणि दोडका. पेज. साबुदाणासुद्धा कुटाशिवाय, गोळ्यासारखा.

"डाळ का नाही?"

"डाक्टरांनी सांगितलंय," शालन म्हणायची आणि चुलीकडे वळायची.

"कशासाठी सांगितलंय?"

यावर ती फुंकणी उचलायची. कारण सांगायचं तर प्रोटीन सांगावं लागणार, प्रोटीन सांगायचं तर गाठ सांगावी लागणार. त्या घरात एकच माणूस होता ज्यानं ही चूक अर्ध्या मिनिटात दाखवून दिली असती, आणि त्याच्यापासूनच ती लपवलेली होती. मला वाटलं ऑपरेशननंतरचं पथ्य असेल. मी शिकलेला माणूस, डॉक्टरचा शब्द मोडायचा नाही, असा माझा बाणा. गिळत राहिलो.

दीड महिन्यात मी भिंत धरून संडासला जाऊ लागलो. मग पायांवर सूज आली. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि पडूनच राहायचा. शालननं तो खळगा पाहिला आणि पदरानं माझा पाय झाकला. जणू झाकल्यानं तो भरणार होता. घरात दोघंही माझ्याशी हळू बोलायला लागली. अण्णाचं हळू म्हणजे काय ते सांगितलंच आहे.

एका रविवारी अण्णा म्हणाला, "करकंबला जाऊ. मोकळी हवा हाय. हितं काय, मिलचा धूर."

आमच्याकडे आजारी माणसाला गावाकडे कशासाठी नेतात, हे मला ठाऊक होतं. वडिलांना तसंच नेलं होतं.

"मी कुठंही जाणार नाही," मी म्हणालो. "आधी सांग, माझ्या रक्तात काय निघालं?"

"काय न्हाय."

"कागद कुठंय?"

"तुला काय करायचाय कागद? तू बरा हो."

"मला कॅन्सर आहे, अण्णा. पाचव्या दिवसापासून मला माहीत आहे. आख्ख्या वॉर्डाला माहीत आहे. तुला इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नाही आणि माझा कागद तुझ्या खिशात! मला वाचता येतं आणि मी इथं दुधी खातोय!"

अण्णा खाली बसला. शालन दाराला धरून उभी होती.

"व्हय," अण्णा म्हणाला. "न्हाय येत मला. तुला यावं म्हनून मला न्हाय आलं."

मी हे वाक्य इथे लिहितो आहे, कारण ते लिहिलं नाही तर बाकीचं सगळं खोटं ठरेल. पण त्या दिवशी त्यानंही माझा राग गेला नाही. उलट वाढला. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, करकंबला नाही, दवाखान्यात चला. तिघं.

रक्त कुणाचं

सर्जननी माझ्या पायावर बोट दाबलं, खळगा बघितला आणि शालनला विचारलं, "खायला काय देता?"

तिनं सांगितलं. पथ्य पाळल्याचा थोडा अभिमानच होता तिच्या आवाजात.

"डाळ?"

"अज्याबात न्हाय," अण्णा मध्येच म्हणाला.

"दूध? अंडी?"

"थेंब न्हाय, डाक्टर. शेंगदाना सुदिक न्हाय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच की! प्रोटीन वाढाय नको म्हनलात!"

सर्जन खुर्चीत टेकले. आधी त्यांना कळेना, मग कळलं आणि ते हसले. त्यांच्या मागचे विद्यार्थीही हसले. मला मान्य आहे, गोष्ट हसण्यासारखी आहे. आज मीही वर्गात सांगेन कदाचित. पण त्या दिवशी माझी मांडी माझ्या दंडाएवढी होती.

"साहेब," मी म्हणालो, "या दोघांना कळलं नाही, तो त्यांचा दोष नाही. ज्याला कळलं असतं त्याला तुम्ही सांगितलं नाहीत."

"नातेवाइकांचीच तशी इच्छा असते," ते म्हणाले. "पेशंट खचतो."

"रक्त नातेवाइकांचं नव्हतं."

विद्यार्थी आता हसत नव्हते. सर्जन चिडले, असं मला वाटलं. मग त्यांनी विद्यार्थ्यांना बाहेर पाठवलं, एक कोरा कागद ओढला आणि दहा मिनिटं मला समजावलं. मीच पुढे ते अण्णाला आमच्या भाषेत सांगितलं: "शुक्रवार पेठेत 'सिद्राम' म्हणून हाक मारली तर सहाजण वळतात का नाही? तसंच हे. प्रोटीन नावाची हजार आहेत. डाळीतलं पोटात मोडून जातं, अंग भरतं. हे दुसरं, ते गाठ स्वतः करते. डाळ बंद केली म्हणून ते कमी होत नाही, मीच कमी होतो."

"म्हंजे आमी तुला…" अण्णा म्हणाला.

अण्णाच्या खिशातला पहिला कागद सर्जननी वाचला आणि माझ्या हातात दिला. आकडा साडेतीन. म्हणजे निरोगी माणसाइतका. म्हणजे ज्या दोन महिन्यांत घर माझ्या मरणाची तयारी करत होतं, त्या महिन्यांच्या सुरुवातीला कागद चांगलंच सांगत होता. तो वाचायला कोणी नव्हतं, एवढंच. "या तपासणीचं आम्हीही अजून शिकतोच आहोत," सर्जन म्हणाले. "एका आकड्यावर फार विसंबू नका. पुढचे कागद तुमच्या नावानं येतील."

त्यांच्याबद्दल माझ्या मनात अजून अढी आहे. पण ते वाक्य त्यांनी खरं केलं.

पाकीट

डाळ सुरू झाली. अंडी, दूध, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. तीन आठवड्यांत सूज उतरली. मी अर्धा दिवस शाळेत जाऊ लागलो. दुसऱ्यांदा रक्त काढलं, अण्णा पुन्हा थर्मास घेऊन मुंबईला जाऊन आला, आणि एका शनिवारी दुपारी पोस्टमननं माझ्या नावाचं पाकीट दिलं. मुद्दाम खुर्ची घेऊन बसलो. अण्णा पहिली पाळी करून आलेला, समोर पाय पसरून बसला होता. शालन मागच्या खोलीत होती.

आकडा अकरा होता.

"काय म्हनतोय?" अण्णानं विचारलं.

कागद माझ्या हातात होता. तो वाचू शकणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. ठीक आहे म्हणालो असतो तर अण्णा उठून चहा मागून मोकळा झाला असता. मी त्याच्याजवळ सरकलो आणि त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "वाढलंय अण्णा. साडेतीनाचं अकरा झालंय."

तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डाळीनं न्हवं न्हवं?"

"नाही. डाळीनं नाही."

"शपत?"

"शपथ."

त्यानं मागच्या खोलीकडे मान केली. "शालनला?"

"नको," मी म्हणालो.

कुठून आला तो शब्द, मला माहीत नाही. चार महिने अण्णाच्या ज्या 'सांगू नका'चा मी द्वेष केला तेच माझ्याच तोंडातून, विचार न करता, अगदी सहज आलं. शालननं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ठीक आहे रिपोर्ट." ती माझ्याकडे क्षणभर जास्तच बघत राहिली आणि तांदूळ निवडायला बसली. सोमवारी पाकीट खुंटीवरच्या कोटात लपवून, शाळेत जातो सांगून मी अण्णाला घेऊन दवाखान्यात गेलो. सर्जन म्हणाले, आकडा चढला आहे हे खरं, पण सूज, जंतू, अशा कारणांनीही चढतो. सहा आठवड्यांनी पुन्हा बघू, तोवर निकाल लावू नका. परत येताना वाटेत अण्णा आणि मी काय-काय सांगायचं नाही ते ठरवलं. दोघांनी मिळून. फार मन लावून.

घरी आलो तर शालन जमिनीवर बसलेली, पुढ्यात माझा कोट, ते पाकीट आणि तारखा घातलेले दोन्ही कागद.

"इंग्रजी न्हाय येत मला," ती म्हणाली. "आकडं येतात. साडेतीन आधी लिवलंय, अकरा मागनं. ह्यातलं मोठं कुठलं, येवडं दुसरीत शिकवत्यात."

"शालन, डॉक्टर म्हणाले…"

"डाक्टर ऱ्हाऊ द्या. अण्णांवर तुमी डाफरला, तवा मी दारात हुते. मला वाटलं, चला, ह्या घरात एक मानूस तरी आता खरं बोलंल." अण्णा चप्पल घालून बाहेर जायला निघाला. ती म्हणाली, "अण्णा, तुमी बसा. तुमीबी त्यातलंच."

अण्णा बसला. मीही बसलो. मी नवा कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. प्रयोगशाळेचं नाव, माझं नाव, वय, रक्त कधी काढलं, कधी पोचलं, तपासणीचं ते लांबलचक नाव, आकडा, त्याखालची बारीक अक्षरांतली टीप. प्रत्येक ओळ आधी इंग्रजीत, मग मराठीत. एकही शब्द गाळला नाही. आकडाही वाचला. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं, चांगलं आणि वाईट दोन्ही.

शेवटची सही वाचून मी थांबलो.

"परत वाचा," शालन म्हणाली. "जरा हळू."

मी पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.